दोघींची चौकशी

आमच्याकडे सोयरिकीची चौकशी करायला आलेल्या माणसाला कुणी वाईट सांगत नाही. तशी गरजच पडत नाही. मुलगी चांगली असेल तर 'डोळे झाकून करा' म्हणायचं. त्याहून एक शब्द जरी कमी पडला, म्हणजे 'तुमचं तुम्ही बघा' किंवा 'आम्हाला काय सांगता येणार' एवढंच कुणी म्हटलं, की पाहुणा चहा संपवतो, रामराम करतो आणि त्या मुलीच्या दारात परत पाय ठेवत नाही. परभणी जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. मी तर इथेच जन्मले, इथेच वाढले, आणि माणसाच्या मनात काय चालतं ते ओळखायची पदवी घेऊन इथेच पाटी लावून बसले.

माझं केंद्र एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर आहे. पाटीवर मी 'मानसतज्ज्ञ' लिहिलेलं नाही, 'समुपदेशन केंद्र' लिहिलंय. 'मानस' शब्द वाचला की लोक जिना चढत नाहीत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही छाती फुगवून म्हणतो, पण झोप उडाली, छाती धडधडायला लागली, तर इथला माणूस नांदेड गाठतो, कारण तिथे त्याला कुणी ओळखत नाही. माझ्याकडे येणारे आधी खाली दुकानात घुटमळतात, एखादी डोकेदुखीची गोळी घेतात आणि कुणी बघत नाही असं पाहून वर येतात. त्यामुळे कोण येतं, कोण जातं ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडता कामा नये, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. तो मी पाळते असं मी सगळीकडे सांगत असे, जरा जास्तच सांगत असे.

पाथरीकडचे एक मामा एका दुपारी वर आले. भाच्यासाठी स्थळं बघत होते. मी परभणीच्या ज्या कॉलेजात परीक्षेच्या ताणावर व्याख्यानं देते, तिथे शिकलेल्या दोन मुली त्यांच्या मनात होत्या. मॅडमला पोरींची पारख असणार, एवढाच त्यांचा हिशोब. माणूस साधा, बोलायला मोकळा. मी चहा मागवला.

त्यांनी मोबाइलवर पहिल्या मुलीचा फोटो दाखवला. तिचे वडील मास्तर, आमच्या जुन्या गल्लीतले. मुलगी डोळ्यांसमोर मोठी झालेली. मी हसत म्हटलं, "डोळे झाकून करा."

मग त्यांनी दुसरा फोटो दाखवला. ती पेडगावची होती आणि माझ्याकडे येत होती. मी खुर्चीत ताठ झाले. पुण्याला एका कार्यशाळेला जाऊन आले होते, गोपनीयतेवरची भाषणं कानात ताजी होती, आणि ते वाक्य म्हणायची संधी इतक्या लवकर मिळेल असं वाटलं नव्हतं. मी गंभीर चेहरा करून म्हणाले, "माझ्याकडे येणाऱ्या कुणाहीबद्दल मला काही सांगता येणार नाही."

मामांनी मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. "म्हंजी ही पोरगी तुमच्याकडं येती?"

"तेही सांगता येणार नाही."

"बरं बरं," ते म्हणाले. "समजलं मॅडम. लय उपकार झाले." कप खाली ठेवला, रामराम केला आणि जिना उतरून गेले.

खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला स्वतःचं कौतुक वाटलं. कुणी फोडायला आलं तरी आपण फुटलो नाही, असं. एकाच चहात एकीबद्दल तोंड भरून बोलले आणि दुसरीबद्दल गप्प बसले, म्हणजेच सगळं बोलले, हे माझ्या लक्षातच आलं नाही म्हणावं तर तेही खरं नाही. मामा 'समजलं' म्हणाले तेव्हा त्यांना काय समजलं ते मला कळलं होतं. मी ते मनाआड केलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पेडगावच्या त्या मुलीला झालं तरी काय होतं? भरतीच्या परीक्षांची तयारी करत होती. अभ्यासिकेत दिवसदिवस बसायची, सगळं पाठ असायचं, आणि परीक्षेच्या खोलीत पेपर हातात आला की हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. एकदा अर्ध्यातून उठून बाहेर आली, तेव्हा कुणीतरी माझं नाव सांगितलं. घरात फक्त आईला ठाऊक होतं. वडिलांना सांगितलं तर ते अभ्यासच बंद करतील, ही तिला भीती. पोरगी जिद्दीची. सांगितलेलं सगळं करायची आणि वर मलाच विचारायची, "मॅडम, तुमाला कधी भ्या वाटत न्हाई का?" काही महिन्यांत ती एक पेपर पुरा लिहून आली. त्या दिवशी तिने खाली दुकानात न घुटमळता सरळ जिना चढला होता. तिच्याबद्दल कुणी मनापासून विचारलं असतं, तर 'डोळे झाकून करा' हेच खरं उत्तर होतं.

मामांनी काही कुणाला दवंडी दिली नाही. फक्त मध्यस्थाला सांगितलं, की पोरीला डोक्याचा इलाज चालू दिसतोय, परभणीच्या मॅडम काही बोलायला तयार नाहीत. मध्यस्थाने ते पेडगावात तिच्या वडिलांच्या कानावर घातलं. स्थळ तर गेलंच, पण बापाला आपल्या लेकीची गोष्ट अशी चावडीवरून कळली. तिची अभ्यासिका बंद झाली. मग पुढच्या दोन-तीन स्थळांनीही काही न बोलता पाय मागे घेतला.

ती एक दिवस आली. वर आली नाही, जिन्यातच उभी राहिली. मी बाहेर गेले.

"मॅडम, तुमी त्या मामांना काय सांगितलं?"

"मी काहीच सांगितलं नाही," मी म्हणाले. आणि ते अक्षरशः खरं होतं.

"मंग त्यांना कसं कळलं, मी तुमच्याकडं येत होते म्हणून?"

मी म्हणाले, लोकांना काहीही कुठूनही कळतं. ती खाली उतरून गेली. ती रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर दिल्लीच्या परिषदेची नोटीस आली. ज्या परिषदेत माझी नोंदणी आहे, जिच्या नोंदणीशिवाय मला या खुर्चीत बसता येत नाही, तिच्याकडे त्या मुलीने मोबाइलवरून तक्रार केली होती. मॅडमनी माझी माहिती बाहेर फोडली, असं तिचं म्हणणं. नोंदणी का रद्द करू नये, याचं उत्तर द्या, असं परिषदेचं म्हणणं. नोटीस वाचून पहिला विचार काय आला असेल? तिचा नाही आला. दुकानदार काय म्हणेल, कॉलेजवाले काय म्हणतील, कुंपणानेच शेत खाल्लं असं लोक म्हणतील, हा आला. दुसरा विचार आला तो संतापाचा. जिला मी उभं केलं तीच माझ्यावर उलटली, असं मी नवऱ्याला तावातावाने सांगितलं. तो बिचारा माझ्या बाजूने माझ्याहून जास्त चिडला.

वकील म्हणजे नवऱ्याचे वर्गमित्र. जन्म बांधाच्या भांडणांत आणि वाटणीच्या दाव्यांत गेलेला, मानसतज्ज्ञाचा खटला त्यांनी कधी चालवला नव्हता. पण माणूस कामाचा पक्का. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "वहिनी, तिला फोन करायचा न्हाई, तिच्या घरी निरोप धाडायचा न्हाई. तिच्या नोंदींत काना-मात्रा बदलायचा न्हाई. आणि ती तिथं काय बोलली हे आपल्या उत्तरात गरजेपेक्षा एक ओळ जास्त जाणार न्हाई. तिची अब्रू काढून मी केस जिंकणार न्हाई, हे आधी सांगतो."

मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "आता मला सगळं सांगा. सगळं म्हंजी सगळं."

मी पहिल्या मुलीचंही सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"म्हंजी एकीचं सांगितलं आणि एकीचं न्हाई."

"हो."

"तक्रारीत हे न्हाई. तिला हे ठाऊकच न्हाई. तिनं एवढंच लिहिलंय की तुमी सांगितलं. आणि तुमी तर सांगितलं न्हाई." ते खुर्चीत मागे टेकले. "आपण आपणहून बोलायचं न्हाई. उत्तर द्यायचं ते तक्रारीला. पण वहिनी, तिथं कुणी सरळ विचारलंच, तर खोटं बोलू नका. खोटं सांभाळायला लय जागा लागते."

मामांनी आनंदाने लिहून दिलं की, मॅडमनी त्या मुलीबद्दल मला काही एक सांगितलं नाही. त्यांना वाटलं, ते माझ्या चांगुलपणाची साक्ष देतायत. माझं उत्तर तयार झालं. कार्यशाळेचं प्रमाणपत्र, कॉलेजचं पत्र, मामांचं म्हणणं. कागदावर मी इतकी स्वच्छ दिसत होते की वाचता वाचता माझाच माझ्यावर विश्वास बसायला लागला.

सुनावणी ऑनलाइन झाली, वकीलसाहेबांच्या ऑफिसात, त्यांच्या मुलीच्या लॅपटॉपवर. पडद्यावर दिल्लीची माणसं होती, अध्यक्ष एक वयस्क बाई. एका चौकटीत पेडगावची ती. मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवलेला, मागे घराची निळी भिंत. एकटी होती. वकील नव्हता तिला, आणि हिंदीही अडखळत होती.

अध्यक्षबाईंनी तिला विचारलं, मॅडमनी तर काही सांगितलंच नाही, मग तक्रार कशाची? ती म्हणाली, "मॅम, हमारे यहाँ ऐसा बोलते हैं ना, तो उसका मतलब लड़की ठीक नहीं, ऐसा होता है."

बाई म्हणाल्या, पण मॅडमनी तर नियमाप्रमाणेच उत्तर दिलं. त्यांच्या आवाजात दया होती, समजूत नव्हती. दिल्लीत बसून आमच्या चहाच्या कपातलं काय दिसणार?

तिने पुन्हा प्रयत्न केला. शब्द सापडेनात. शेवटी ती म्हणाली, "मैडम को मालूम है. वो भी यहीं की हैं. आप उनको पूछिए."

मला कुणी आयुष्यात इतकं नेमकं ओळखलं नाही. मी खाली बघितलं. तेवढ्यात तोवर गप्प बसलेल्या एका सदस्याने विचारलं, असा कुणीही कुणाबद्दलही विचारायला आला, तर तुम्ही सगळ्यांना हेच उत्तर देता का?

हाच तो प्रश्न. वकीलसाहेब शेजारी बसले होते, त्यांनी मला ढोसलं नाही, खुणावलं नाही. माझ्यापुढे माझी पाटी होती, माझा जिना होता, लोकांच्या नमस्कारांची सवय होती. आणि त्या चौकटीत ती होती, मोबाइलच्या अगदी जवळ आलेली, मी काय म्हणते ते नीट ऐकू यावं म्हणून.

मी म्हणाले, "जी. सबको."

वकीलसाहेबांनी लॅपटॉपचा माइक बंद केला, ते उठले आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. सुनावणी संपल्यावर एवढंच म्हणाले, "चला वहिनी, ऊन वाढायच्या आत घरी जा." त्या दिवसापासून ते आमच्या घरी जेवायला आलेले नाहीत. नवऱ्याला कारण कळत नाही, मी सांगितलेलं नाही.

तक्रार फेटाळली गेली. वर मी गोपनीयतेचं कर्तव्य काटेकोरपणे पाळलं असा शेरा. नवऱ्याने पेढे आणले, खालच्या दुकानदाराने सगळ्यांना वाटले, आणि मीही एक खाल्ला.

पण लाज अजून पुरी व्हायची होती. काही दिवसांनी एक शेतकरी माणूस जिना चढून आला. पांढरा सदरा, हातात टोपी. मागे ती. तिचे वडील मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मॅडम," ते उभ्याउभ्याच बोलले, "दिल्लीचा निकाल आला. तुमची काही चूक न्हाई म्हणं. लेकराची जात हाय, रागाच्या भरात तिनं तुमच्यावर नको ते लिहिलं. तुमी तिला बरं केलं, हे तिच्या आईनं मला आता सांगितलं. मला लय वाईट वाटायलंय." मग ते तिच्याकडे वळले. "पाया पड मॅडमच्या. माफी माग."

ती पुढे आली. मी खुर्चीत बसले होते. मला उठता आलं असतं, तिचे हात धरता आले असते, 'अहो, हिचं खरं आहे' असं म्हणता आलं असतं. एक वाक्य, तेही माझ्याच मातृभाषेत. मी काय केलं? पाय थोडे मागे घेतले, आणि वाकलेल्या तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे बेटा, मी मनात ठेवलं नाही."

 उठताना तिने एकदा वर बघितलं, त्यात रागही नव्हता. माणसाला राग यायला समोरच्याकडून काही आशा असावी लागते. मी हे पुस्तकातून शिकवत आले होते, पण असं कधी बघितलं नव्हतं. ते दोघं गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि त्या दिवशीच्या सगळ्यांना परत पाठवलं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

उन्हाळ्यात मामा पत्रिका घेऊन आले. भाच्याचं लग्न त्या मास्तरांच्या मुलीशी ठरलं होतं. "तुमच्या शब्दावर केलीया सोयरीक," ते म्हणाले. "तुमी न्हाई आल्या तर मी अक्षता पडू देणार न्हाई." मी जायला नको होतं. पण न जावं तर मामा दुखावतील, दुखावले तर कुठेतरी बोलतील, या भीतीने मी गेले. वर स्वतःला सांगितलं, मास्तरांसाठी जातेय.

पाथरीचं मंगल कार्यालय माणसांनी गच्च भरलेलं. आमच्याकडे अक्षता पडायच्या आधी माइकवर सत्कार चालतात, हे मी विसरले नव्हते, पण आपल्यापर्यंत येतील असं वाटलं नव्हतं. सभापती झाले, सरपंच झाले, आणि मग मामांनी स्वतः माइक हातात घेतला.

"आता ज्यांच्या एका शब्दावर ही सोयरीक जुळली, ज्यांनी मला सांगितलं की मामा डोळे झाकून करा, त्या आपल्या परभणीच्या समुपदेशन केंद्राच्या मॅडम. त्यांनी पुढं यावं."

मी गेले. शाल पडली, नारळ हातात आला, टाळ्या वाजल्या. खाली उतरले तर पुढच्या रांगेच्या कडेला तोच पांढरा सदरा उभा. मास्तरांच्या भावकीत त्यांची कसलीशी सोयरीक होती. जिल्हा तो केवढा, लग्नात कोण भेटणार नाही?

ते माझ्याजवळ आले. रागावलेले दिसत नव्हते, गणित चुकल्यासारखे दिसत होते.

"मॅडम, ह्या पोरीचं बी मामांनी तुमालाच विचारलं होतं?"

"हो."

"आमच्या पोरीचं विचारलं, तवाच?"

माइकवर पुढचं नाव पुकारलं जात होतं. दिल्लीला मी जे सांगितलं ते इथे सांगायची हिंमत झाली नाही. आमच्या भाषेत विचारलं होतं ना.

"हो," मी म्हणाले. "त्याच वेळी."

त्यांनी स्टेजकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये अशी माझीच काळजी घेत, म्हणाले, "मंग माझ्या पोरीला तुमच्या पाया पडायला मी कामून लावलं?"

माझे डोळे भरून आले. शाल, नारळ सावरत मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या पायाशी वाकायला गेले. ते झटकन मागे सरले.

"माझ्या नका पडू," ते म्हणाले. "ती घरी हाय."

अक्षता पडल्या, मी जेवले नाही. परभणीला परत येताना पेडगाव रस्त्यातच लागतं. नवरा गाडी चालवत होता. फाटा आला तेव्हा तो म्हणाला, काय झालं, बोलत का नाहीस? मी म्हणाले, काही नाही, चल. गाडी पुढे गेली, आणि आज एवढे दिवस झाले तरी मी पेडगावला गेलेली नाही.